लेखनातली चूक

डब्लिन, ग्रँड कॅनाल डॉक
शनिवार, ९ जानेवारी २०२१

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. खरोखरचा घातला, नितेशला विचारा.

तुम्ही पत्र उघडलं की शेवटची ओळ आधी वाचता, म्हणून बातमी इथेच सांगून टाकते. मला नोकरी लागली. सरकारी! आपल्या घरात तुमच्यानंतर पहिली.

सप्टेंबरात एम.एस्सी. हातात पडल्यापासून मी एकशे बारा अर्ज केले, हे तुम्हाला कळू दिलं नव्हतं. उत्तरं आली नऊ, त्यातली आठ 'खेद वाटतो'वाली. नववं या सरकारी खात्याचं. नोव्हेंबरात मुलाखत झाली ती आमच्या स्वयंपाकघरात, लॅपटॉपसमोर, वर कोट आणि खाली घरातला पायजमा. मग त्यांनी मला पॅनेलवर टाकलं. पॅनेल म्हणजे गुणांप्रमाणे लावलेली यादी. जागा निघाली की वरून एकेकाला बोलावतात, आणि कोणाचे कागद वेळेत आले नाहीत की त्याच्या खालच्याला. मी सातवी होते. काल सातव्या नंबराला बोलावणं आलं.

काम आकडेवारीचं आहे, सध्या घरूनच करायचं. एक मार्चला रुजू व्हायचं. बाबा, नितेशला इथलं नागरिकत्व आहे म्हणून मला इथे राहायला मिळतं, त्यामुळे आल्यापासून प्रत्येक फॉर्मवर मी कोणाची तरी बायको होते. ही पहिली जागा जिथे फक्त माझं नाव लागेल. मला ती फार हवी आहे. इतकी, की काल बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

आता तुमचं काम. एकोणीस फेब्रुवारीच्या आत कागद द्यायचे आहेत. पदवी आहे, पासपोर्ट आहे. जन्मदाखला नाही. तो लागतो पेन्शनसाठी, म्हणजे पहिला पगार व्हायच्या आधी त्यांना माझ्या म्हातारपणाची काळजी. तुमची निळी फाइल शिरीषदादाकडेच आहे ना? माधवीवहिनीच्या प्रेसमध्ये, वरच्या फळीवर? (मीही कपाटाला प्रेसच म्हणायला लागले.) त्यातला दाखला पोस्टाने पाठवा.

कोरोनामुळे पाच किलोमीटरबाहेर जायची बंदी नसती तर मी स्वतः एनिसला आले असते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि दादाने मध्ये ओरडून सांगितलं की निम्मं त्याचंच होतं. कानाच्या मशीनचा तो भाग आला का?

तुमची,
मुक्ता


एनिस
१४ जानेवारी २०२१, संक्रांत

चि. सौ. मुक्ता,

पोटभर आशीर्वाद, आणि सोबत कागदाच्या पुडीत चार तिळाच्या वड्या. पोस्टाने त्यांचा भुगा केला असेल तरी गोड बोल.

पत्र तीनदा वाचलं. एकदा मी, एकदा मोठ्याने माधवीला, एकदा रेवाला. रेवा म्हणाली, "दॅट्स ग्रँड, आजोबा!" सहा वर्षांच्या पोरीला एवढं मोठं वाटलं म्हणून मी खूश झालो. मग शिरीष म्हणाला की इथे ग्रँड म्हणजे नुसतं बरं आहे. असो. मला भव्यच वाटतं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपल्याकडे म्हणतात. तू दोन महिन्यांत उरकलंस. आता चौतीस वर्षं सरकारी शाळेत काढलेल्या मुख्याध्यापकाचं ऐक. पहिल्या दिवशी वेळेच्या दहा मिनिटं आधी जा. घरून काम असेल तर दहा मिनिटं आधी खुर्चीत बस. साहेबाला पहिल्या महिन्यात सूचना करू नकोस. कागदाची नक्कल ठेवल्याशिवाय कागद सोडू नकोस. आणि पगार झाला की पहिला नमस्कार आईच्या फोटोला कर, मला नंतर. सुलभा असती तर तिने आज गल्लीत साखर वाटली असती.

मशीनचा भाग आलेला नाही. दुकान म्हणतं येईल. तोवर मी सगळ्यांना "हो, हो" म्हणतो आणि घर शांत चालतं. तीन महिन्यांसाठी आलो होतो, येत्या महिन्यात वर्ष होईल. इथे पाऊस इतका सभ्य आहे की छत्री उघडेपर्यंत थांबतो आणि मिटली की पुन्हा येतो.

जन्मदाखल्याचं बघतो. फाइलमध्ये बरेच कागद आहेत, सापडला पाहिजे. पासपोर्टवर भागत नाही का? पासपोर्ट म्हणजे भारत सरकारचा शिक्का. त्यावर आणखी काय पुरावा हवा त्यांना? एकदा विचारून पाहा.

नितेशरावांना आशीर्वाद.

तुझे बाबा


डब्लिन
२० जानेवारी २०२१

ती. बाबा,

वड्यांचा भुगा चमच्याने खाल्ला. गोड बोलते आहे, पण जरा घाईत.

विचारलं. ग्रोन्या म्हणून बाई आहे तिथे, माझं प्रकरण तिच्याकडे आहे. फार चांगली आहे, दर वाक्याला सॉरी म्हणते. पण म्हणाली, जन्मदाखला लागेलच.

"फाइलमध्ये बरेच कागद आहेत" हे तुम्ही मला सांगता? माझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकापासून सगळं तारीखवार लावलेलं असतं तुमच्याकडे. तुम्ही मुद्दाम वेळ काढताय का? मला कारण कळलं आहे बरं का. घोडं पेंड खातंय ते तारखेपाशी. दाखल्यावर २८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमेचा माझा खरा वाढदिवस. शाळेत १ जून, म्हणून पासपोर्टवर १ जून. तुम्हाला वाटलं असणार, पोरगी घाबरेल.

आधी मी हसले. आपल्या गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला, कोणाला त्याचं काही वाटत नाही. पण ग्रोन्याला हे कसं समजावू? तिच्या दृष्टीने या दोन मुली आहेत. आणि दोन मुलींना एक नोकरी देता येत नाही.

मी तिला सांगितलं, आमच्या शाळेत एक मुरलीधर गुरुजी होते, पहिलीचा वर्ग आणि रजिस्टर त्यांच्याकडे, त्यांनी भरताना तारीख चुकवली. तुम्ही मला लहानपणापासून सांगत आलात तेच. ती म्हणाली, "लेखनातली चूक असेल तर मार्ग आहे. पण चूकच होती ना?" म्हटलं, माझे वडीलच त्या शाळेचे मुख्याध्यापक होते, त्यांनीच सांगितलंय.

तेव्हा दाखला लगेच पाठवा. आणि नक्की काय झालं होतं ते दोन ओळींत लिहून द्या.

मुक्ता


एनिस
२७ जानेवारी २०२१

चि. सौ. मुक्ता,

आशीर्वाद.

दाखला सोबत आहे. नक्कल काढून ठेवली.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. जरा पडसं होतं, म्हणून उत्तराला उशीर झाला. शिरीषने लगेच तपासणी करून आणली, काही निघालं नाही.

तू विचारलंस नक्की काय झालं होतं. वीस वर्षं झाली. जूनचे दिवस, एकाच दिवशी साठ-सत्तर पोरं दाखल व्हायची. आयांना तारखा ठाऊक नसायच्या. 'पोळ्याच्या आदल्या दिवशी', 'धरण फुटलं त्या साली' असं सांगायच्या. त्यातून जमेल तसं भरायचं. सगळ्या राज्याचा रिवाज होता तो. त्याला कोणी गुन्हा म्हणत नव्हतं.

तू लेखनातली चूक असं लिही. तेवढं पुरे. फार खोलात जाऊ नकोस. सरकारी माणसाला एका प्रश्नाचं उत्तर दिलं की त्याला दुसरा सुचतो.

मुरलीधर गुरुजींचं नाव घालायची गरज नाही. ते जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या तेराव्याला मी गेलो होतो. त्यांच्या मुलाने मला आग्रहाने जिलबी वाढली.

थंडी फार आहे. कान झाकून फिर.

बाबा


डब्लिन
शनिवार, ६ फेब्रुवारी २०२१

ती. बाबा,

पडसं गेलं का? तुमचं पत्र एवढं लहान कधी नसतं, म्हणून विचारते.

इथे काल सकाळी शपथपत्र झालं. सॉलिसिटर आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर, म्हणजे पाच किलोमीटरच्या आत, नशीब! म्हातारे गृहस्थ, काचेपलीकडे बसलेले. मजकूर त्यांनीच केला: माझी जन्मतारीख २८ ऑगस्ट १९९६, शाळेत दाखल करताना रजिस्टर लिहिणाऱ्याच्या हातून अनवधानाने १ जून लिहिली गेली, पुढचे सगळे कागद त्यावरून. त्यांनी तीनदा विचारलं, हे सर्व तुमच्या माहितीप्रमाणे खरं आहे ना? मी हात वर करून हो म्हटलं. खोटं निघालं तर शिक्षा आहे, हेही वाचून दाखवलं. तुमच्या शब्दावर मी सही केली, तेव्हा मला काहीच भीती वाटली नाही.

मजकुरात 'कोण' हे लागलंच. मी मुरलीधर गुरुजींचं नाव दिलं. लहानपणी किती चिडायचे मी त्यांच्यावर! दोन वाढदिवस, आणि फ्रॉक एकदाच. काल वाटलं, बिचारे कुठे त्या दूरच्या शाळेत बसून लिहीत होते आणि आज डब्लिनमध्ये त्यांच्या चुकीवर शपथ घेतली जाते आहे.

कागद सोमवारी ग्रोन्याकडे पोचतील. मग त्यांचे वरिष्ठ बघणार. आता माझ्या हातात काही नाही. नितेश मीटिंगमध्ये असला की मी डॉकच्या कडेने चालते आणि बदकं मोजते.

मुक्ता


एनिस
१२ फेब्रुवारी २०२१

चि. मुक्ता,

आज अक्षर नीट आलेलं नाही, लावून घे.

काल संध्याकाळी शिरीष कामावरून आला. शॅननला त्यांच्या ऑफिसात कोणाला तरी कोरोना निघाला, म्हणून घरातही मास्क लावून दारातच उभा होता. म्हणाला, "बाबा, मुक्ताचं काम गेलं." मला ओठ दिसत नव्हते, पण एवढं ऐकू आलं. मी हो हो म्हटलं आणि खोलीत येऊन बसलो. जेवलो नाही. पोट बरं नाही असं माधवीला सांगितलं.

ते माझ्यामुळे गेलं. ऐक.

मुरलीधरने काही चुकवलं नाही. तुझी तारीख मी लिहिली. जाणूनबुजून, शुद्धीत, माझ्या पेनाने.

जून २००१. तुझ्या आईला छातीचं दुखणं होऊन धुळ्याला ठेवलं होतं. चार महिने. शिरीष मोठा, तो शाळेत जायचा. तुला घरी कोण बघणार? शेजारची काकू आठ दिवस सांभाळून कंटाळली. तुला पाच पूर्ण व्हायला अडीच महिने कमी होते, आणि नियमाप्रमाणे पहिलीत घेता येत नव्हतं. मी मुख्याध्यापक. दुसऱ्याचं पोर असतं तर नियम दाखवून परत पाठवलं असतं. तुझ्यासाठी एक जून लिहिलं आणि रजिस्टर मुरलीधरपुढे ठेवलं. त्याने वर बघितलं. मी म्हटलं, "गुरुजी, सही करा." त्याने केली. पुढे दोन वाढदिवस का म्हणून तू विचारलंस तेव्हा सोपं पडलं म्हणून मी त्याच्यावर ढकललं. त्यालाही कोणीतरी सांगितलं असणार. मला कधी एका शब्दाने बोलला नाही.

आणि मी तुला शपथ घेऊ दिली. तुझं पत्र आलं तेव्हा मला फोन करून थांबवता आलं असतं असं नाही, तू घेऊन झाली होतीस. पण २७ तारखेला लिहिताना खरं लिहिता आलं असतं. लिहिलं नाही. लाज वाटली.

आता निदान तुझं नाव तरी स्वच्छ राहावं. आज सकाळी त्या खात्याला इंग्रजीत पत्र लिहिलं. तुझ्या पहिल्या पत्राच्या पाठी तू त्यांचा पत्ता दिला होतास. लिहिलं की मुलगी निर्दोष आहे, तिला काही ठाऊक नव्हतं, खोटी तारीख मी मुद्दाम घातली, मुरलीधर गुरुजींचा यात काडीचा दोष नाही, शिक्षा करायची तर मला करा आणि तिला तिची जागा परत द्या. पुरुषोत्तम, निवृत्त मुख्याध्यापक, अशी सही केली. रजिस्टर्ड पोस्टाने टाकलं. शिरीषला सांगितलेलं नाही.

मला माफ कर असं लिहिणार नाही. ते तुझं तू ठरव.

बाबा


डब्लिन
शुक्रवार, १२ फेब्रुवारी २०२१

ती. बाबा,

झालं! झालं! झालं!

दादाने सांगितलंच असेल, काल दुपारी त्याला फोन केला होता. पण तुम्हाला कागदावर लागतं, म्हणून हे.

काल ग्रोन्याचा फोन आला. वरिष्ठांनी शपथपत्र मान्य केलं. मी विचारलं, म्हणजे तारखेचं सगळं ठीक? ती म्हणाली, "ग्रँड, ग्रँड." बाबा, रेवाचंच खरं. काल तो शब्द भव्यच होता. एक मार्चला सकाळी नऊ वाजता रुजू. सहीचा कागद पुढच्या आठवड्यात येईल. लॅपटॉप कुरिअरने येणार. नितेशने खिडकीपाशी माझं टेबल लावलं, त्याची खुर्ची मला दिली आणि स्वतः जेवणाच्या खुर्चीवर बसला. मी म्हटलं, राहू दे. म्हणाला, सरकारी माणसाचा मान असतो.

मे महिन्यात बंदी उठेल म्हणतात. तुम्ही या. मी तुम्हाला माझ्या पगारातून नवीन कानाची मशीन घेऊन देणार आहे, दोन्ही कानांना. मग मला तुम्हाला पत्रं लिहावी लागणार नाहीत. पण लिहीनच.

आनंदात,
मुक्ता


एनिस
१६ फेब्रुवारी २०२१

मुक्ता,

तुझं पत्र आत्ता आलं. झालं असं लिहिलं आहेस. मी गेलं ऐकलं.

पोस्टात जाऊन आलो. काउंटरवर पोरगी होती, तिला पावती दाखवली, पत्र परत मागवता येईल का विचारलं. तिने काचेमागून काही सांगितलं, मला ऐकू येईना. शेवटी तिने कागदावर लिहून दाखवलं: काल पोचलं, सही झाली आहे.

त्यांना सांग, म्हातारा आहे. काहीतरी सांग. मी पुन्हा पत्र लिहू का, की पहिलं खरं नव्हतं? तू म्हणशील ते लिहितो. उलट टपाली कळव.

बाबा


डब्लिन
२२ फेब्रुवारी २०२१

दादा,

फोनवर बोलले असते, पण वहिनी आणि रेवा शेजारी असतात, आणि बाबांना तुमच्या चेहऱ्यावरून सगळं कळतं. हे वाच आणि फाडून टाक.

नोकरी गेली. आता खरोखर गेली.

बाबांनी बारा तारखेला खात्याला पत्र पाठवलं. अकरा तारखेला तू दारातून त्यांना "काम झालं" म्हणालास ना? त्यांनी "गेलं" ऐकलं. तुझी चूक नाही, मास्क होता. त्यांनी लिहिलं की तारीख चुकलेली नव्हती, त्यांनी स्वतः मुद्दाम खोटी घातली होती. का घातली ते मला आत्ता कळलं. आई धुळ्याला होती आणि मला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून. बस, एवढंच.

शुक्रवारी ग्रोन्याचा फोन आला. दर वाक्याला सॉरी म्हणणारी बाई पहिली दोन मिनिटं एकदाही सॉरी म्हणाली नाही. म्हणाली, आमच्यापुढे दोन लेखी निवेदनं आहेत, दोन्ही सह्यांची. तुमचं म्हणतं चूक झाली, वडिलांचं म्हणतं चूक नव्हती. शपथ तुमची आहे. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण तो फाइलमध्ये लावता येत नाही. नेमणूक रद्द. पॅनेलवरून नाव कमी. आधी पासपोर्टवरची तारीख दुरुस्त करून आणा, मग पुढच्या भरतीला पुन्हा अर्ज करा. सॉलिसिटर म्हणतात, दूतावास बंदसारखाच आहे, वर्ष-दीड वर्ष धरा. आठव्या नंबराला बोलावलं आहे. कोणावर चिडावं तेही कळत नाही, दादा. सगळे नियमाने वागले आणि सगळ्यांना वाईट वाटतंय.

एक गोष्ट कोणाला सांगू नकोस. शेवटी ग्रोन्या हळूच म्हणाली, तुमच्या वडिलांची तब्येत बरी नसेल, त्यांना आठवत नसेल, असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर त्यांचं पत्र बाजूला ठेवता येईल. नितेश म्हणाला, लगेच शिरीषदादाला फोन कर, तिथल्या डॉक्टरकडून घेऊ. खोटं कुठे आहे, ऐकू तर येतच नाही त्यांना. मी फोन हातात घेऊन दोन तास बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खरं सांगितलं, आणि त्यावर मी डॉक्टरचा शिक्का मारून आणू की यांचं डोकं ठिकाणावर नाही? नाही जमलं मला. नितेश माझ्याशी दोन दिवस नीट बोलत नाही. त्याचंही चुकत नाही.

बाबांना यातलं काही कळता कामा नये. ते खचतील. मी त्यांना लिहिते की सगळं निभावलं. तू फक्त मान डोलव.

मुक्ता


डब्लिन
३ मार्च २०२१

ती. बाबा,

उत्तराला उशीर झाला, कारण तुमची मुलगी आता नोकरदार आहे.

तुमचं पत्र खात्यात पोचलं होतं. ग्रोन्याने वाचलं, म्हणाली वडील फार सज्जन दिसतात, आणि फाइलला लावून टाकलं. काही झालं नाही. उगाच जीव घाबरा करून घेतलात. पुन्हा काही लिहायची गरज नाही. कृपा करून लिहू नका.

सोमवारी नऊला रुजू झाले. तुम्ही सांगितलं तशी दहा मिनिटं आधीच खुर्चीत बसले. साहेब कॉर्कचे आहेत, त्यांचं इंग्रजी मला निम्मंच कळतं. सूचना केली नाही. काम सोपं आहे, आकड्यांचे तक्ते. दुपारी अर्धा तास सुट्टी असते तेव्हा डॉकवर फिरून येते.

एक जूनबद्दल: मला राग नाही. खरंच नाही. त्या वर्षी तुम्ही मला सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसवून शाळेत नेत होतात, तेवढं मला आठवतं. आईचं दुखणं मला आठवत नाही, म्हणजे तुम्ही मला नीट सांभाळलं असणार.

पगार महिनाअखेर.

मुक्ता


एनिस
९ मार्च २०२१

चि. सौ. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

काल पोस्टमनने दोन पाकिटं एकदम टाकली. एक तुझं. दुसरं त्या खात्याचं, माझ्या नावाने. मी दोन्ही वाचली.

त्यांचं पत्र पाच ओळींचं आहे. तुझं नावही नाही त्यात. आपल्या निवेदनाची नोंद घेतली, त्याआधारे प्रकरण बंद करण्यात आलं आहे, आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. बाळ, चौतीस वर्षं मी असलीच पत्रं लिहिली. 'प्रकरण बंद' म्हणजे काय, हे मला कोणी समजावून द्यायला नको. ज्याचं काम होतं त्याला 'प्रकरण बंद' असं कोणी लिहीत नाही. सरकारने आयुष्यात माझे प्रामाणिकपणाबद्दल लेखी आभार एकदाच मानले, ते हे. फाडवत नाही आणि ठेववत नाही.

शिरीषला पत्र दाखवलं. त्याने मान डोलवली नाही, खाली घातली. त्याच्यावर रागावू नकोस, त्याने तुझा शब्द मोडला नाही.

तुझं पत्र मात्र चांगलं लिहिलं आहेस. कॉर्कचे साहेब मला डोळ्यांपुढे दिसले. मी वाचताना दोनदा विसरलो की ते नाहीत. तू माझ्याच पोटची. माणसाला वाचवायला खोटं लिहायचं, आणि तेही नीट, तारीखवार, हे तू माझ्याकडूनच उचललंस. मला त्याचा अभिमान वाटला असता तर बरं झालं असतं.

काय करावं हे मला कळत नाही. त्या खात्याला पुन्हा लिहावं असं काल सारखं मनात आलं. दूतावासाला लिहावं, आमच्या जिल्हा परिषदेला लिहावं, ते जुनं रजिस्टर शोधायला लावावं. कागदही घेतला होता. दोन ओळी लिहिल्या, आणि मग मला भीती वाटली की याने आणखी काहीतरी मोडेल. मी तुझ्यासाठी जे जे लिहिलं त्याचं असंच झालं.

आज सकाळी माझ्याजवळची पोस्टाची तिकिटं आणि पाकिटं माधवीकडे देऊन टाकली. तिला म्हटलं, तुझ्या प्रेसमध्ये ठेव आणि किल्ली तुझ्याकडे असू दे. तिला वाटलं मी गंमत करतो आहे. हे पत्र टाकण्यापुरतं एक तिकीट मी तिच्याकडे मागून घेतलं. तिने विचारलं, "कोणाला, बाबा?" मी म्हटलं, "मुक्ताला." मग तिने दिलं.

बाबा